काहिलीतले मांत्रिक

साताऱ्यात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही की पगार विचारला नाही. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, "पडवळ खाता का?"

पडवळाचा मला वाससुद्धा सहन होत नाही. या घरात पडवळाचं काहीतरी वावडं असेल अशा समजुतीने मी जरा फुशारकीनेच सांगितलं, "छे, हातही लावत नाही."

गृहस्थांचा चेहरा पडला. "मग तुमचा कायबी उपेग न्हाई. जे आवडतच न्हाई ते सोडलं, तर त्याला पथ्य कोण म्हणंल?"

ते दार लोटणार एवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "आवं, आवडतं काय ते तरी इचारा की त्यास्नी."

मी सांगलीचा. म्हणालो, "भडंग." आणि का कोण जाणे, पुढे जोडलं, "रोज लागतं. त्याशिवाय दिवस गेल्यासारखा वाटत नाही."

"रोज?" गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं बघितलं. मग म्हणाले, "खोली तुमची. सामान घिऊन या."

मी पाटबंधारे खात्यात नवा कारकून होतो. दुष्काळ नुकताच सरला होता, रेशनवर अजून परदेशी लाल मिलो ज्वारी मिळत होती आणि साताऱ्यात खोली मिळणं मुश्कील होतं. भडंगावर खोली मिळते आहे याचा मला आनंदच झाला. आपण काय कबूल करून बसलो आहोत ते पहिल्या रविवारी कळलं.

घरमालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. दारावर नावाची पाटी होती, पण ती कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. गल्लीत, मंडईत, पोस्टात ते नुसते सुभेदार. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. त्यांना एकच वेड होतं आणि ते एकाच वाक्यात मावत असे. "तोलात पायजे." मंडईतून येताना उजव्या हातातली पिशवी जड झाली तर ते डाव्या खिशात धोंडा टाकत. भिंतीवर एका बाजूला कॅलेंडर असलं की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीवर दुसरं काहीतरी लागायचंच. काही नव्हतं म्हणून त्यांनी गेल्या सालचं कॅलेंडर लावून ठेवलं होतं. मी सुरुवातीला दोन वेळा त्यातली तारीख बघून कचेरीत गेलो.

या वेडाचं मूळ फौजेत होतं. कुठे चाल करायची झाली की आधी मोठ्या खोक्यात वाळू पसरून त्या मुलखाचा नमुना करत. टेकडी, नाला, पूल, सगळं वाळूत. ते करण्यात सुभेदार तरबेज होते. ते सांगायचे, "सायेब लोक आधी वाळूत लढायचे. आन् वाळू आमी चाळायचो. पर एका गोष्टीचा मला लय राग. एकाच्या हातात सगळा हुकूम आन् दुसऱ्याच्या हातात नुसतं फावडं. ह्यात तोल कुठं हाय?" हा प्रश्न त्यांनी नोकरीत असताना कोणाला विचारला नाही. नोकरीत असताना ते फक्त "होय साहेब" म्हणाले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी ठरवलं की असा एक खेळ काढायचा, ज्यात सगळ्यांच्या हातात वेगवेगळं बळ असेल, पण वजन सारखं.

तोफाबंदुकांचा खेळ त्यांना नको होता. "तोफा काय, हिकडं तिकडं सारख्याच. मांत्रिक बघा. हरेकाची कला निराळी."

तर त्यांच्या सोप्यात एक काहील होती. ज्यात उसाचा रस उकळून गूळ करतात ती प्रचंड लोखंडी कढई. भावाच्या गुऱ्हाळावरची, तळाला भोक पडलेली. ती विटांवर बसवून त्यांनी तिच्यात कृष्णेची वाळू भरली होती, आणि त्या वाळूत एक गाव होतं. चार आळ्या, एक वड, एक तालीम, एक विहीर. घरं म्हणजे रिकाम्या काडेपेट्या. रविवारी दुपारी जेवणं झाली की काहिलीभोवती चौघं बसायचे. प्रत्येकाची एक आळी आणि प्रत्येकजण एका प्रकारचा मांत्रिक. सुभेदार शिट्टी वाजवून संकट जाहीर करत. गारा आल्या, साप निघाला, पटकी आली. शिवाय एकमेकांच्या आळीवर संकट घालायची मुभा होती. मंत्र चालला की फसला ते कवड्या ठरवत. संध्याकाळी ज्याच्या आळीत जास्त घरं उभी, तो जिंकला.

मी सापाचं विष उतरवणारा झालो. आमच्या भागात असा माणूस पडवळ खात नाही. पडवळ सापासारखं दिसतं, ते खाल्लं की मंत्र उतरतो म्हणतात. सुभेदारांच्या खेळाचा पाया हाच होता. मांत्रिकाला ताकद मिळते ती पथ्यावर. जेवढी ताकद मोठी, तेवढं पथ्य जड. आणि हे पथ्य सोंगटीने पाळायचं नव्हतं, खेळणाऱ्याने पाळायचं होतं. खरोखरचं, आठवडाभर, आपापल्या घरी.

पडवळ सोडण्यात माझं काही जात नव्हतं, म्हणून माझं भडंग बंद झालं. महिन्यातून एकदा सांगलीला जायचो तेव्हा आई डबा भरून द्यायची. तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसायचो आणि साताऱ्याला आल्यावर घरमालकीण काकूंच्या स्वाधीन करायचो. झाकणातून येणारा लसणाचा वास सगळ्या गाडीला यायचा. शेजारचे उतारू आशेने बघत राहायचे.

गारा अडवणारे होते अत्तारचाचा. त्यांचं पेठेत उदबत्ती, कुंकू, खिळे आणि अत्तराचं दुकान. त्यांचं पथ्य चहा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक कप, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. चहा तुटल्यावर ते उतरल्या चेहऱ्याने गल्ल्यावर बसू लागले आणि त्यांच्या घरून सुभेदारांना दुवा येऊ लागला. चाचा पथ्य मोडत नसत, पण घासाघीस सोडत नसत. "सुभेदार, जरा कमीजास्ती करा की. गारा सगळ्या नको अडवायला, निम्म्या अडिवतो. आर्धा कप सोडा."

"फौजेत आर्धा कप नसतोय," सुभेदार म्हणत.

एकदा एक बागाईतदार खरोखरच चाचांच्या दुकानात आला. गारा अडवणारे तुम्हीच का म्हणाला, माझ्या द्राक्षांचं बघा. चाचांनी त्याला कळवळून सांगितलं, "आवं, माझ्या गारा सुभेदारांच्या काहिलीतल्या." त्याला वाटलं चाचा भाव वाढवताहेत. तो पुन्हा आला, मिठाई घेऊन. त्या वर्षी गारा पडल्या नाहीत आणि चाचांना जन्मभर त्या माणसाला चुकवत फिरावं लागलं.

तिसऱ्या आळीत गुरुजी होते. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. अंधश्रद्धेचा निषेध करायला म्हणून ते एका रविवारी आले, नियम ऐकायला बसले, आणि मग दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊ लागले. सर्वांत ताकदवान मांत्रिक करणी करणारा. तो गुरुजींनी स्वतः मागून घेतला. "हे सगळं थोतांड आहे," असं म्हणत ते कवड्या टाकत आणि समोरच्याच्या तीन काडेपेट्या आडव्या करत.

ताकद आणि पथ्य यांचं वजन सुभेदार खरोखरच तोलायचे. अत्तारचाचांच्या दुकानातला जुना तराजू त्यांनी आणला होता. एका पारड्यात ताकदीचे चिंचोके, दुसऱ्यात पथ्याचे. करणीला मूठभर चिंचोके पडले, म्हणून गुरुजींना मटण बंद केलं आणि पथ्याच्या पारड्यात मूठभर चिंचोके टाकले. काटा सरळ उभा राहिला. सुभेदारांना धन्य वाटलं. गुरुजी ओळीने सगळे रविवार जिंकत गेले, तेव्हा कुठे अत्तारचाचांनी सांगितलं की गुरुजींच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही.

पथ्याचं वजन जिन्नसावर नसतं, माणसावर असतं, हे कळल्यावर सुभेदार आमच्या पाळतीवर राहू लागले. गुरुजींना ना चहा, ना तंबाखू, ना गोडाची आवड. शेवटी एके दिवशी सुभेदार शिट्टी वाजवतच आले. "घावलं. गुरुजी, उद्यापास्नं दुसऱ्याची चूक काढायची न्हाई. आठ दिस."

बुधवारी गुरुजींना ताप आला.

आता राहिल्या काकू. म्हणजे सुभेदारांची बायको, आणि सुभेदारांच्या गळ्यातलं लोढणं. हे त्यांचेच शब्द, आणि ते फक्त खेळापुरते. चौथा गडी हवा म्हणून त्यांना बसवलं होतं आणि बायकामाणसाला झेपेल असा मांत्रिक दिला होता. दृष्ट काढणारी. तिच्याकडे मीठ, मोहरी आणि मिरच्या. मीठ ओवाळलं की एका घराला त्या फेरीत काही होत नाही. मोहरीने शेजारचं घरही वाचतं. मिरच्यांनी आलेलं संकट पाठवणाऱ्यावर उलटतं, पण सगळ्या खेळात एकदाच. ताकद एवढीशी, म्हणून पथ्य काही नाही.

आणि गुरुजींचा जोर ओसरल्यावर काकू जिंकायच्या. नुसत्या जिंकायच्या नाहीत, मधूनच उठून भाकरीचं पीठ मळून येऊन जिंकायच्या. कुठल्या घरावर संकट येणार ते त्यांना आधी कळायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गुरुजी करणी घालायच्या आदी नाक पुसत्यात. चाचा खोटं बोलताना गोड बोलत्यात. तुमी तर ज्या घराकडं बघायचं न्हाई असं ठरिवता, त्येच घर असतंय." आपली पहिली दृष्ट मात्र त्या न चुकता विहिरीजवळच्या काडेपेटीची काढत. त्यात गुरुजींना काहीतरी खोल डावपेच दिसे.

सुभेदार हैराण झाले. चेहरा वाचायची कला तराजूत कशी घालणार? मग काकूंना पथ्य लावायचं ठरलं.

"तुला काय आवडतं गं?" त्यांनी भर खेळात विचारलं.

काकू वाळू बोटाने सारखी करत होत्या. "मला काय, कायबी चालतं."

"चालतं न्हाई. आवडतं काय?"

"आता हे काय वय हाय व्हय इचारायचं?"

अत्तारचाचा हसले. सुभेदार हसले नाहीत. वर्षातून एकदा रजेवर येऊन त्यांनी संसार केला होता. बायकोला काय आवडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते आम्हा सगळ्यांसमोर उघडं पडलं. त्यांनी अंदाजाने पथ्यं लावून बघितली. चहा बंद केला, काकू गरम पाणी प्यायल्या. रेडिओ बंद केला, म्हणाल्या बरं झालं, सेल वाचले. देवळात जाणं बंद केलं, म्हणाल्या तसेबी गुडघे दुखत्यात. काहीही सोडायला सांगा, सोडून मोकळ्या. जन्मभर जिने हे नाहीतर ते सोडलंच आहे, तिच्याकडून आणखी काय काढून घेणार, असं माझ्या मनात आलं आणि मला फार वाईट वाटलं.

पथ्य सापडेना म्हणून सुभेदारांनी ताकद कापायला सुरुवात केली. आधी मोहरी गेली. काकू जिंकल्या. मग मीठ गेलं. "मिठाबिगर दृष्ट कशी काढू?" काकूंनी विचारलं. "हुकूम," सुभेदार म्हणाले. उरल्या फक्त मिरच्या.

घाईचं कारणही तसंच होतं. सुभेदार ज्यांच्या हाताखाली वाळू चाळत होते ते मेजरसाहेब आता पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरवर जवानांच्या करमणुकीचं बघत होते. सुभेदारांनी त्यांना खेळाबद्दल कळवलं होतं आणि साहेबांचा निरोप आला होता की येतो, पसंत पडला तर सेंटरच्या मोठ्या हॉलमध्ये मांडू. नोकरीभर सुभेदारांनी बांधलेले वाळूचे डोंगर काम झालं की दुसऱ्या दिवशी फावड्याने मोडले जायचे. आता पहिल्यांदा त्यांनी केलेलं काहीतरी सेंटरवर कायमचं राहणार होतं. महिनाभर ते झोपेतसुद्धा चिंचोके मोजत होते, असं काकू सांगायच्या.

मेजरसाहेब जीपमधून आले. उंच, गोरेपान, टोकदार मिशी. त्यांनी सगळे मांत्रिक बघितले आणि करणीवाला उचलला. गुरुजींना उठावं लागलं. साहेब करणीवर करणी घालत गेले. चाचांची आळी झोपली, माझी अर्धी झोपली. "बढिया," साहेब म्हणाले आणि त्यांनी मिशीला पीळ द्यायला घेतला. काकू पदराने हात पुसत होत्या. मिशी पुरती वळायच्या आत त्यांनी तीन सुक्या मिरच्या उचलून विहिरीजवळच्या घरावरून ओवाळल्या. साहेबांनी गावभर घातलेली करणी उलटली आणि त्यांची आळी एका ओळीत आडवी झाली.

साहेब मोठ्याने हसले, पण जरा उशिरा.

जेवताना ते म्हणाले, "सुभेदार, खेळ झकास आहे. फक्त ते घरगुती प्रकरण काढून टाका. आमच्या बॅरेकीत मिरच्या कोण ओवाळणार? तीन मांत्रिक बास."

"होय साहेब."

"पुढच्या रविवारी ट्रक पाठवतो. ही कढई उचलून नेतील."

"होय साहेब."

काकू रस्सा वाढत होत्या. "अजून एक भाकरी घ्या सायेब," त्या म्हणाल्या.

तो आठवडा सुभेदार गल्लीतून परेडला निघाल्यासारखे चालत होते. काहिलीच्या काठावर त्यांनी पांढऱ्या रंगाने आपलं नाव आणि हुद्दा लिहवून घेतला. मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. सोमवारी आमटीत मीठ नव्हतं. मंगळवारी भाजीत नव्हतं. काकूंच्या हाताला असं कधी होत नसे. सुभेदारांनी मीठ मागितलं की त्या "इसरलंच की" म्हणून आणून देत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरत. रोज सकाळी ओल्या हाताने काहिलीतली वाळू सारखी करायचा त्यांचा रिवाज होता. तोही मोडला. वडाखाली मांजर झोपू लागलं.

रविवारी ट्रक आला. ड्रायव्हर आणि चार जवान. चाचा आणि गुरुजी आधीच येऊन बसले होते. सुभेदारांनी शिट्टी वाजवली आणि जवान वाळू उपसायला फावडी घेऊन पुढे झाले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आवं, काहील न्या. वाळू तेवढी हितंच ऱ्हाऊ द्या."

"वाळू घिऊन काय करतीस? नदीत ढिगानं हाय."

"त्यात गाव हाय."

"कुठलं गाव?"

"कुठलं म्हंजे? मलकापूर."

मलकापूर म्हणजे कराडला खेटून असलेलं काकूंचं माहेर. सुभेदार दोन वर्षं त्या गावावर गारा पाडत होते, साप सोडत होते. वाळूत आळ्या आणि घरं काकूंनी मांडली एवढं त्यांना माहीत होतं, पण ते गाव कुठलं असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याही आलं नव्हतं. ते वाकले. वड बघितला, तालीम बघितली. मग हळूच विचारलं, "तुमचं घर?"

काकूंनी विहिरीजवळची काडेपेटी दाखवली.

सुभेदारांनी तिच्यावरची वाळू बोटाने झटकली. उठले तेव्हा ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मोकळी न्या. सायबास्नी सांगा, खेळ अजून तोलात आला न्हाई."

"साहेब रागावतील, सुभेदार."

"रागावू द्या."

ट्रक गेला. सुभेदारांनी चड्डीच्या खिशातून रुमाल काढून काहिलीच्या काठावरचं आपलं नाव पुसायला घेतलं. रंग वाळला होता, पुसेना. मग त्यांनी तराजू मागितला. चिंचोक्यांची पिशवी घेतली आणि पथ्याच्या पारड्यात उपडी केली. सगळी. पारडं जमिनीला टेकलं.

"हे कोणाचं पथ्य?" चाचांनी विचारलं.

"हिच्या नावावरचं. सेंटरवर माझी काहील बसावी असं मला लय वाटत हुतं चाचा. लय आवडलं असतं. त्ये सोडलं."

गुरुजी पुढे सरसावले. "पण सुभेदार, पथ्य खेळणाऱ्यानेच पाळायचं असा नियम आहे. तुम्ही त्यांच्या वतीने..."

"गुरुजी, ह्या आठवड्यात तुमचं पथ्य काय हाय?"

गुरुजी मागे सरकून बसले. सुभेदार बायकोकडे वळले. ताकदीचं पारडं रिकामं, वर लोंबत होतं.

"आता ह्यात काय घालू, ते तूच सांग."

काकूंनी पदर खोचला, काहिलीपाशी बसल्या आणि जवानांच्या फावड्यांनी काठाशी विस्कटलेली वाळू ओल्या हाताने सारखी करू लागल्या.

"मीठ घाला," त्या म्हणाल्या. "आन् मोहरीबी."